दहाच्या आतली मुलं

ऑगस्ट संपता संपता आमच्याकडे राज्याच्या परीक्षेचे निकाल येतात. शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेले असतात, वर्गांतल्या फरशीला नुकतंच पॉलिश झालेलं असतं आणि त्याचा डोकं धरणारा वास सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या तरी जात नाही. त्या संध्याकाळी आम्ही लायब्ररीत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. मी या शाळेच्या बोर्डावर पालकांच्या वतीने निवडून आलेली सभासद. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चार्टर शाळेच्या बोर्डावर निदान एक शिक्षक, एक पालक आणि एक बाहेरचं माणूस असावंच लागतं, त्यातली मी एक. मुख्याध्यापिकेने पडद्यावर आकडे लावले. वाचनाचा आकडा थोडासा हलला होता. पाचवीच्या गणिताचा मात्र चांगलाच घसरला होता, शेजारी खाली तोंड केलेला लाल बाण. एवढं काय झालं, असं कुणीतरी विचारलं. पाचवीची शिक्षिका समोरच्या कागदावरून मान वर न करता म्हणाली, "ती दोन मुलं आहेत."

नाव कुणी घेतलं नाही. घेता येतही नाही, बोर्डाची बैठक सगळ्यांना खुली असते आणि मुलांची माहिती अशी चारचौघांत उघड करणं कायद्यात बसत नाही. पण टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ती दोन मुलं कोण ते कळलं होतं. दोघंही जानेवारीनंतर आली होती, एक दुसऱ्या देशातून आणि एक दुसऱ्या शाळेतून. मग बोर्डावरचे एक गृहस्थ घसा खाकरून अगदी मऊ आवाजात म्हणाले, पुढच्या वर्षीपासून नाताळच्या सुट्टीनंतर रिकाम्या झालेल्या जागा भरायच्याच नाहीत असं ठरवलं तर? नव्या मुलांना रुळायला वेळ मिळत नाही, लगेच परीक्षेला बसावं लागतं, हे त्यांच्यावरही अन्यायाचंच आहे. दोघा-तिघांनी माना हलवल्या. विषय सप्टेंबरच्या बैठकीवर ढकलला गेला.

कुणीही 'ही मुलं नकोत' असं म्हणालं नाही.

शाळा लहान आहे. एका जुन्या चर्चला जोडून असलेल्या इमारतीत भाड्याने चालते. हिवाळ्यात वाफेचे रेडिएटर खडखडतात, आणि प्रार्थनेच्या हॉलमध्येच दुपारी जेवणाची टेबलं मांडतात. एका इयत्तेला एकच वर्ग, वर्गात वीसेक मुलं. मुलीला इथे घालायचं कारण फार थोर नव्हतं. घरापासून चालत जाता येत होतं, आणि मुलगी त्या वयात इतकी बुजरी होती की मोठ्या शाळेत ती हरवून जाईल अशी भीती वाटत होती. चार्टर शाळा म्हणजे काय हे मला तेव्हा नीटसं माहीतही नव्हतं. सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण जिल्ह्याच्या शिक्षण खात्याच्या ताब्यात नसलेली शाळा. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या, मुलं निवडून घ्यायची नाहीत. अशा शाळांचा देशातला पहिला कायदा याच राज्याने १९९१ साली केला आणि पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉलमध्ये उघडली. सुरुवातीला फक्त आठ शाळांना परवानगी होती, आणि गंमत म्हणजे बोर्डावर बहुमत शिक्षकांचं असावं अशी अट होती. कारण ही कल्पना देशभर पोचवणारा माणूस अल्बर्ट शँकर हा शिक्षकांच्या संघटनेचा पुढारी होता. १९८८ साली त्याने ती उचलून धरली. शिक्षकांनी मिळून काहीतरी नवं करून बघावं, जमलं तर इतर शाळांनी ते उचलावं, असं त्याच्या मनात होतं. पुढे काही वर्षांतच तो स्वतः या शाळांचा टीकाकार झाला. आज मिनेसोटात अशा शाळा दीडशेहून जास्त आहेत. प्रत्येक शाळेवर देखरेख करणारी एक संस्था असते, तिच्याशी करार असतो, आणि करारात मुलांच्या निकालाची उद्दिष्टं लिहिलेली असतात. करार वाढला नाही तर शाळा बंद. म्हणून तो लाल बाण नुसता चुटपुट लावणारा नसतो, त्याच्यामागे भाड्याच्या इमारतीपासून शिक्षिकांच्या पगारापर्यंत सगळं टांगलेलं असतं.

वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. दोन मुलं म्हणजे दहा. हे गणित पाचवीतल्या पोरालाही येईल, पण राज्याच्या वेबसाइटवर ते लिहिलेलं नसतं. तिथे दोनशे मुलांच्या इयत्तेचा आणि आमच्या वीस जणांचा आकडा एकाच ठशात, शेजारीशेजारी उभा असतो. मोठ्या शाळेत दोन मुलं फार तर एक टक्का हलवतात. आमच्याकडे एखादं कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं, एखाद्या घरात जुळी मुलं असली, परीक्षेच्या दिवशी एकाचा ताप उतरला नाही, की वर्षाचा बाण वर जातो किंवा खाली येतो आणि आम्ही त्याच्याकडे बघून अध्यापनपद्धतीवर चर्चा करतो. संख्याशास्त्राचे लोक हे कधीचे सांगत आहेत. हॉवर्ड वेनर आणि त्याच्या सहकाऱ्याने पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे वाचनाचे गुण तपासले होते. सर्वांत वरच्या पन्नास शाळांत सर्वांत लहान पन्नासपैकी सहा निघाल्या, म्हणजे योगायोगाने निघाव्यात त्याच्या चौपट. लहान शाळा चांगल्या असतात असं म्हणून मोकळं व्हावं, तर सर्वांत खालच्या पन्नासांत त्याच लहान शाळांपैकी नऊ होत्या. संख्या लहान असली की सरासरी दोन्ही टोकांना उड्या मारते, एवढाच त्याचा अर्थ. लोकांनी मात्र वरचं टोक तेवढं पाहिलं. लहान शाळांमध्ये काहीतरी जादू आहे असं समजून गेट्स फाउंडेशनने अब्जावधी डॉलर त्या कामी लावले, आणि २००९ च्या पत्रात बिल गेट्सने स्वतःच लिहिलं की त्यातल्या पुष्कळ शाळांत मुलांच्या निकालात म्हणावी तशी सुधारणा झाली नाही. हे सगळं मला माहीत आहे. तरी तो बाण दिसला की पोटात खड्डा पडतो. त्याला कारण इथलं नाही, जुनं आहे.

आमचे अण्णा माण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. दोनशिक्षकी शाळा, दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत पाण्याचा रांजण. पट तीसच्या आतबाहेर. दिवाळी झाली की निम्मा वर्ग उठून जायचा. धनगरांची पोरं, घरचे वाडे मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे उतरायचे, आणि काही घरं उसाच्या तोडीला. परतायची ती उन्हाळ्यात, कधी परीक्षेच्या आधी, कधी नंतर. अण्णांच्या हजेरीपटावर त्या पोरांपुढे महिनोन्महिने 'गै' असायचं, पण नाव कधी कमी व्हायचं नाही. विस्तार अधिकारी यायचे, जीपची धूळ खाली बसायच्या आत चहा सांगितला जायचा आणि मग वाचन घेतलं जायचं. एकदा साहेबांनी नेमकं नुकत्याच परत आलेल्या पोराला उभं केलं. त्याला जोडाक्षर काही फुटेना. साहेब म्हणाले, "गुरुजी, तपासणीच्या टायमाला असली पोरं मागं बसवत जावा की. आणि इतके दिवस गैरहजर, तर पटावरनं कमी का करत नाही?" अण्णा म्हणाले, "कमी केलं तर पोरगं परत येईल ते कुठं बसंल, साहेब?" मी तेव्हा तिसरीत होते, त्याच वर्गात, आणि वडिलांनी साहेबाला असं उत्तर दिलं याचा मला केवढा अभिमान वाटला होता. कळायला लागल्यावर त्यातली दुसरी बाजूही दिसली. पट खाली गेला असता तर दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली असती. चार इयत्ता एकट्या अण्णांच्या गळ्यात पडल्या असत्या. त्या पोरांची नावं पटावर टिकली ती अण्णांच्या मायेपोटी किती आणि जागा वाचवायला किती, याचा हिशेब अण्णांनाही मांडता आला नसता.

पटाला मूल हवं असतं. टक्क्याला ते नको असतं.

वाडीवरून मी हायस्कूलला तालुक्याला गेले तेव्हा टक्क्याची बाजू पाहिली. त्या शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभराच्या जवळ असायचा आणि जूनमध्ये एसटी स्टँडसमोर फलक लागायचा, पहिल्या तीन जणांचे फोटो आणि खाली जाड अक्षरात निकाल. तो कसा लागतो ते आम्हा मुलांना आतून ठाऊक होतं. नववीत गाळणी लागायची. कच्ची पोरं नापास व्हायची, आणि घरच्यांना बोलावून सांगितलं जायचं, ह्याला सतरा नंबरचा फॉर्म भरू द्या. सतरा नंबर म्हणजे बाहेरून बसायचं, मग तो शाळेच्या निकालात धरला जात नाही. माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी अशीच गेली. इंग्रजीत कच्ची होती, बाकी भूगोलाचे नकाशे तिच्यासारखे कुणाला जमत नसत. दोन महिन्यांनी ती मंडईत आईबरोबर भाजी विकताना दिसली. तिने ओळख दाखवली, मीही दाखवली, काय बोलावं ते दोघींना कळलं नाही. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं, तेव्हा नववीवरचा भार आणखीच वाढला असं तिकडचे शिक्षक सांगतात. पण ज्या वर्षी त्या फलकावर माझा फोटो लागला, त्या वर्षी आमच्या घरी पेढे वाटले गेले. अण्णांनी स्वतः वाटले. शंभर टक्क्यांतले नसलेले त्यांना दिसत नव्हते असं नाही. त्या दिवशी त्यांनी तिकडे पाहिलं नाही, मीही नाही.

इथे गणपतीत एक नवीन कुटुंब भेटलं. पिंपळे सौदागरहून बदली होऊन आलेलं, मुलगा तिसरीतला. प्रसादाची ताटं हातात घेऊन हॉलच्या कोपऱ्यात उभे होतो, बाजूला लहान पोरांचं अथर्वशीर्ष चाललेलं. त्यांनी विचारलं, "मुलगी कुठल्या शाळेत?" मी नाव सांगितलं. ताट एका हातात तोलत त्यांनी दुसऱ्या हाताने फोनवर शोधलं आणि दहापैकी गुण बघितले. चेहरा सभ्यपणे न बदलता म्हणाले, "अच्छा. आणि क्राउड कसं आहे?" मी म्हटलं, मिक्स आहे. ते म्हणाले, "आपले किती?" मी म्हटलं, थोडे. त्यांच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. पुण्यात शाळा शोधताना त्यांनी हाच प्रश्न विचारला असेल आणि कुणीतरी याच आवाजात उत्तर दिलं असेल. शाळांचे गुण दाखवणाऱ्या त्या साइटचे आकडे घरांच्या जाहिरातींतही दिसतात, आणि आपली बहुतेक मंडळी ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह अशा उपनगरांत घर बघतात ते हेच आकडे बघून. घरांच्या किमती त्यामुळे चढतात, किंमत परवडणाऱ्यांची मुलं तिथे येतात, ती मुलं घरून शिकूनच आलेली असतात, आणि शाळेचा आकडा पुन्हा वर जातो. शाळेने मधल्या वेळात काय केलं ते त्या आकड्यातून कुणालाच सांगता येणार नाही.

आमच्या शाळेत 'आपले' किती, हे राज्याच्या वेबसाइटवरही सापडत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर पूर्वी 'एशियन' असा एकच चौकोन असायचा. लाओसच्या युद्धातून १९७५ नंतर आलेले ह्मोंग, थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून आलेले ब्रह्मदेशातले करेन आणि एच-वन व्हिसावर आलेले आम्ही, सगळे त्या एका चौकोनात. त्याची सरासरी काढली की बरी दिसायची, आणि बरी दिसली की ह्मोंग मुलांना मदत लागते हे कुणाला पटवून देणं कठीण व्हायचं. म्हणून २०१६ मध्ये राज्याने कायदा करून वेगवेगळे गट मोजायचं ठरवलं. एशियन इंडियन, ह्मोंग, करेन, चायनीज, व्हिएतनामी असे. कृष्णवर्णीयांतही सोमाली वेगळे, लायबेरियन वेगळे. चांगलं झालं. पण गटात दहापेक्षा कमी मुलं असली तर निकाल जाहीर करत नाहीत, मूल ओळखू येऊ नये म्हणून. त्या रकान्यात मग 'संख्या फारच लहान' एवढाच शेरा येतो. मोठ्या शाळांत या कायद्यामुळे झाकलेली मुलं दिसू लागली. आमच्यासारख्या चिमुकल्या शाळेत उलटं झालं. जितकं बारकाईने मोजावं तितकी मुलं दहाच्या आत जाऊन नाहीशी होतात. माझी मुलगी तिथे आहे, तो छावणीतून आलेला मुलगाही तिथेच आहे. दोघांच्याही रकान्यात तोच शेरा. एकूण आकड्यात मात्र दोघं मोजले जातात, ती एका बाजूने पाच टक्के आणि तो दुसऱ्या बाजूने.

माझ्या मुलीच्या पाच टक्क्यांबद्दल मला बोललं पाहिजे. राज्याच्या परीक्षेत चार पायऱ्या असतात आणि ती गणितात सगळ्यात वरच्या पायरीवर असते. दर शनिवारी सकाळी ती कुमॉनच्या गणिताच्या शिकवणीला जाते. पाढे तिला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आले, मी पोळ्या लाटत असताना, तिच्या रडण्यासकट. त्यात शाळेचा वाटा नाही असं नाही. बोलायला घाबरणारी मुलगी आज नाटकात काम करते, ते या शाळेने केलं. पण वेबसाइटवर तिचं बोलणं नाही, पाढेच आहेत. मुख्याध्यापिका एकदा मला अगदी मनापासून म्हणाली होती, तुमच्यासारखी आणखी कुटुंबं आली तर किती बरं होईल. मी हसून आभार मानले. घरी येताना गाडीत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं, कारण ते कौतुक होतं आणि ते कशाचं आहे हे मला नीट कळत होतं. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही खरंच आहे.

त्या मुलाला मी ओळखते. वाचनाच्या तासाला मी आठवड्यातून एकदा शाळेत जाते, तेव्हा तो माझ्या गटात असायचा. मे ला नावाची थायलंडच्या सीमेवरची छावणी, तिथे तो जन्मला. आला तेव्हा बाहेर उणे वीस होतं आणि कुणीतरी दिलेला जाकीट त्याला गुडघ्यापर्यंत यायचा. नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजी वाचनाच्या परीक्षेतून सूट मिळू शकते, गणितातून मिळत नाही. आणि इथलं पाचवीचं गणित म्हणजे अर्धं वाचनच असतं. कुणाकडे किती पिझ्झाचे तुकडे, कुणी किती मैल सायकल चालवली, त्यापेक्षा दुसरीने किती जास्त. मी त्याला सरळ अपूर्णांक लिहून दिले तर तो काही सोडवायचा, काही चुकवायचा. लपलेला रामानुजन वगैरे काही नव्हता. मधल्या सुट्टीत बॉल पायावर घेऊन असा काही उडवायचा की सहावीतली पोरं खेळ थांबवून बघायची, आणि पुस्तक उघडलं की जांभया द्यायचा. साधा मुलगा होता, थोडा आळशीही. दुसरी मुलगी इथेच जन्मलेली. आई रात्रपाळीला, घर त्या वर्षात पुन्हा पुन्हा बदललेलं, आठवड्यात दोन दिवस गैरहजर. तिने माझ्या मुलीची रंगीत पेनं घेतली होती आणि परत द्यायला नकार दिला होता, त्यामुळे आमच्या घरी तिचं नाव फारसं प्रेमाने घेतलं जात नसे. हे लिहिताना वाटतं, दोघंही जरा गुणी असती तर हा लेख लिहायला सोपा गेला असता.

या राज्यात शाळेत कोण कोणाबरोबर बसतं यावरून २०१५ साली कोर्टात भांडण सुरू झालं. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यासावळ्यांच्या वेगळ्या झाल्या आहेत, आणि चार्टर शाळांना वेगळेपणा मोडण्याच्या नियमांतून सूट देऊन सरकारने त्यात भर घातली, असं काही पालकांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला सोमालींच्या, ह्मोंग लोकांच्या चार्टर शाळा आहेत, आणि तिथले पालक म्हणतात की ही आम्ही स्वतः निवडलेली शाळा आहे, आमच्यावर लादलेली नाही. मला दोन्ही पटतं. आमच्या वाडीच्या शाळेत सगळी एकाच पाण्यावरची पोरं होती, तरी जनरल रजिस्टरला जातीचा रकाना होता आणि अण्णांच्या वळणदार अक्षरात तो भरलेला असायचा. कोणत्या आळीची पोरं रांजणाला हात लावत नव्हती ते त्या रकान्यात बघावं लागत नसे. एकत्र बसवलं की झालं, असं मला तेव्हापासूनच वाटत नाही. पण वेगळं बसवलं की बरं, असंही म्हणवत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरवलं, तेव्हा अण्णा फोनवर बराच वेळ बोलत होते. गुणवत्ता कमी, असं कारण दिलं होतं. अण्णांची वाडी त्या यादीत होती की नाही हे मी विचारलं, तर म्हणाले, "यादीत असू दे नाहीतर नसू दे. दहा पोरांत गुणवत्ता कशी मोजत्यात, तेवढं मला सांग." मी त्यांना पेनसिल्व्हेनियाचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तिकडं थंडी किती आहे.

सप्टेंबरच्या बैठकीला मी तयारीने गेले होते. सतरा नंबरचा फॉर्म इंग्रजीत कसा समजावून सांगायचा याचं मनात चारदा घोकून झालं होतं. मऊ आवाजाच्या त्या गृहस्थांनी ठराव मांडला, त्याच शब्दांत, मुलांच्याच भल्यासाठी. माझी पाळी यायच्या आधी शाळेचे हिशेब बघणाऱ्या बाईंनी एक कागद फिरवला. राज्य शाळेला पैसे देतं ते मूल वर्षातले किती दिवस पटावर होतं त्या हिशेबाने. जानेवारीत एक जागा रिकामी झाली आणि जूनपर्यंत रिकामी ठेवली, तर जवळपास निम्म्या वर्षाचे पैसे जातात. वर्षाला अशा जागा चार-पाच होतात. तो आकडा बघून मऊ आवाजाचे गृहस्थ चष्मा काढून पुसायला लागले. पाचवीच्या शिक्षिकेने विचारलं, त्याच पैशातून मधे आलेल्या मुलांसाठी आठवड्यातून काही तास जादा शिक्षक ठेवता येईल का? बघू, असं मुख्याध्यापिका म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. ठराव मताला टाकलाच नाही, मांडणाऱ्याने मागे घेतला. मी काहीच बोलले नाही. बोलायची गरज उरली नव्हती याचं बरं वाटलं, आणि बोलायचं राहून गेलं याचा थोडा चडफडाटही झाला. अण्णा असते तर म्हणाले असते, पोरगं राहिलं ना पटावर, मग झालं.

पुढचा विषय शाळेच्या बसच्या कंत्राटाचा होता. त्यावर पाऊण तास भांडण झालं.